प्रश्नकर्ते गोखले : एका चरित्रपैलूचा पुनर्विचार

गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव मराठी वाचकापुढे बहुधा दोन नात्यांनी येते : टिळकांचे प्रतिस्पर्धी म्हणून आणि गांधींनी गुरुस्थानी मानलेले पुरुष म्हणून. दोन्ही नाती खरी आहेत; पण दोहोंतही गोखले दुसऱ्या कोणाच्या तरी चरित्रातील पात्र होऊन बसतात. न. र. फाटक यांच्या 'आदर्श भारतसेवक' या चरित्रग्रंथाला १९७० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरीही वर्गात शिकविताना 'मवाळ' या एका विशेषणावर आपण त्यांची बोळवण करीत आलो आहोत. प्रस्तुत लेखात त्यांच्या आयुष्याचा विचार कायदेमंडळातील प्रश्नकर्ता या एकाच अंगाने करावयाचा आहे. ज्या सभागृहात बहुमत कायम सरकारचे होते, तेथे त्यांनी प्रश्नाला धार कशी आणली आणि ती आणण्याची शिस्त त्यांना कोठे लाभली, हा येथील मुख्य मुद्दा होय.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी गुहागरजवळील कोतळूक येथे झाला. वडील कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये ते वारले आणि थोरले बंधू गोविंदराव यांना शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरावी लागली. त्यांतील आठ रुपये ते गोपाळाला शिक्षणासाठी पाठवीत. पुढे सरकारच्या कोट्यवधींच्या अंदाजपत्रकावर बोलणाऱ्या या माणसाचा जमाखर्चाशी पहिला परिचय असा झाला. १८८४ मध्ये ते बी. ए. झाले, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १८८६ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. त्यांच्या बालपणीच्या सचोटीच्या ज्या कथा पाठ्यपुस्तकांत फिरतात, त्यांचा येथे उपयोग नाही. चरित्रनायकाचे प्रौढपण बालपणातच दाखवून टाकण्याची आपल्याकडील हौस चरित्रवाङ्मयाला फारशी मानवलेली नाही.

खरे शिक्षण सुरू झाले ते १८८७ पासून, रानड्यांच्या हाताखाली. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी सरकारी अहवाल वाचावयाचे, त्यांतील कोष्टके ताडून पाहावयाची, एका खात्याचा आकडा दुसऱ्या खात्याच्या आकड्याशी जुळतो की नाही हे तपासावयाचे, आणि मगच लिहावयाचे, अशी ही उमेदवारी होती. मजकूर पसंत पडेपर्यंत रानडे तो पुन्हा लिहून घेत. याच काळात आगरकरांच्या 'सुधारक'ची इंग्रजी बाजू ते सांभाळीत. शिक्षक आणि अर्थशास्त्रज्ञ गणेश व्यंकटेश जोशी हे त्यांचे दुसरे मार्गदर्शक. जोशींचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. पण गोखल्यांच्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणामागे त्यांचे परिश्रम होते. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले, तेव्हा वयाच्या एकतिसाव्या वर्षी हिंदुस्थानच्या खर्चाविषयी जाणत्या अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीस ते पुरून उरले.

आणि त्याच प्रवासात ते पडले. पुण्यात प्लेगच्या तपासणीचा कहर चालू होता. तेथील मित्रांच्या पत्रांत गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची हकीकत होती. गोखल्यांनी ती विलायतेतील वृत्तपत्रातून प्रसिद्धीस दिली. दरम्यान २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली होती आणि सरकार खवळले होते. मुंबईस परतल्यावर त्यांनी पुरावा शोधला. साक्ष द्यावयास कोणी पुढे येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांची व सैनिकांची बिनशर्त माफी मागितली. त्याच सुमारास राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले गेलेले टिळक दीड वर्षाच्या शिक्षेला सामोरे गेले. एक तुरुंगात गेला, दुसऱ्याने माफी मागितली, ही तुलना महाराष्ट्राच्या मनातून कधीच पुसली गेली नाही.

या प्रसंगाकडे नामुष्की म्हणून पाहावयाचे की नीतिधैर्य म्हणून, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तो वाद दुय्यम वाटतो. प्लेगच्या काळात पुण्यात जुलूम झाला नव्हता, असे माफीमुळे ठरत नाही. गोखल्यांना तो सिद्ध करता आला नाही, एवढेच ठरते. सत्तेपुढे उभ्या असलेल्या माणसाचे म्हणणे खरे असून भागत नाही, ते सत्तेच्याच कागदावरून दाखविता यावे लागते, हा धडा त्यांना या वेळी मिळाला. अहवाल ताडण्याची सवय रानड्यांनी लावली होती; १८९७ नंतर तिला एका व्रताचे स्वरूप आले. यापुढे कायदेमंडळात सरकारवर त्यांनी ठेवलेला आरोप बहुधा सरकारच्याच आकड्यांवर उभा असे.

ते मुंबई कायदेमंडळात गेले १८९९ मध्ये. १९०१ च्या जमीनमहसूल दुरुस्ती विधेयकाने त्यांची कसोटी पाहिली. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन परत देताना ती सरकारच्या परवानगीवाचून विकता वा गहाण टाकता येऊ नये, अशी तरतूद त्यात होती. दुष्काळाने खचलेल्या कुणब्याची पत त्यामुळे नाहीशी होईल, हा विरोधकांचा मुद्दा होता. विरोध व्यर्थ ठरला, तेव्हा फिरोजशहा मेहतांबरोबर गोखलेही सभागृहातून उठून गेले. 'मवाळ' या विशेषणाशी ही घटना नीट जुळत नाही, हे जाता जाता नमूद करतो.

मेहतांनी वरिष्ठ कायदेमंडळातील जागा सोडल्यावर ती गोखल्यांकडे आली. तेथील नियम समजून घेतल्याखेरीज त्यांच्या कामगिरीचे मोल कळत नाही. १८६१ च्या कायद्यान्वये सभासदास प्रश्नच विचारता येत नसे. १८९२ मध्ये पूर्वसूचना देऊन प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. मात्र अंदाजपत्रकावर मत घेतले जात नसे आणि उत्तरावर पुरवणी प्रश्नही विचारता येत नसे. तो हक्क मूळ प्रश्नकर्त्यापुरता १९०९ च्या सुधारणांनी दिला, तसेच ठराव मांडण्याचा अधिकारही. शिवाय समोर मंत्री नव्हते. होते ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, जनतेला कोणत्याही प्रकारे जबाबदार नसलेले.

अशा सभागृहात २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांचे पहिले अंदाजपत्रकी भाषण झाले. अध्यक्षस्थानी कर्झन, वित्त खात्याचे सभासद सर एडवर्ड लॉ. दुष्काळ नुकताच सरला असताना सरकारने सुमारे सात कोटींची शिल्लक दाखविली होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण मानली जात होती. गोखल्यांनी विचारले ते मूलतः एकच : ही शिल्लक आली कोठून? विलायतेतील देणी सोन्यात द्यावी लागत. रुपयाचा भाव उतरत गेला तसा ती भागविण्यासाठी करांचा बोजा वाढला. पुढे टांकसाळी बंद करून रुपया सोळा पेन्सांवर आणला गेला. देणी हलकी झाली, कर मात्र तसेच राहिले. तेव्हा शिल्लक म्हणजे रयतेकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेला पैसा होय, आणि तो तिला परत मिळाला पाहिजे. या मांडणीतील बळ विशेषणांत नाही. सरकारची वर्षावर्षांची कोष्टके शेजारी शेजारी ठेवली की निष्कर्ष आपोआप पुढे येतो, एवढीच तिची रचना आहे.

मिठाचा कर हा त्यांचा दरसालचा विषय. १८८८ पासून हा कर मणाला अडीच रुपये होता; म्हणजे शेराला एक आणा. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याकडे पाहिले की यातील विसंगती ध्यानात येते. पेण-उरणच्या खाडीकाठी मिठागरे. तेथून आत मोहोपाडा, खालापूर, कर्जत ही घाटाच्या पायथ्याची गावे काही कोसांवर. हाताशी पिकणाऱ्या मिठावर त्याच्या उत्पादनखर्चाच्या कितीतरी पट कर, आणि तो कातकऱ्याच्या चुलीवर व सावकाराच्या चुलीवर सारखाच. गोखल्यांनी खपाचे आकडे मांडून दाखविले की कर वाढला तसा माणशी खप खालावला, म्हणजे गरीब माणूस मिठासारख्या जिनसेतही हात आखडता घेत होता. १९०३ मध्ये कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एक रुपयावर; शेरामागे अर्ध्या आण्याहूनही कमी. प्राप्तीवरील कराची मर्यादाही १९०३ मध्ये पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे अनैतिहासिक ठरेल, कारण तिजोरी भरलेली होती. तथापि ती भरलेली आहे हे सभागृहात दरवर्षी कोणीतरी सिद्ध करीत होते, हेही विसरून चालणार नाही.

१९०५ मध्ये भारत सेवक समाजाची स्थापना आणि बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद, १९०७ मध्ये सुरतेची फूट, हा भाग सुपरिचित आहे. १९१० च्या फेब्रुवारीत नाताळात जाणाऱ्या करारबद्ध मजुरांची भरती थांबविण्याचा त्यांचा ठराव सरकारने स्वीकारला आणि १९११ मध्ये ती भरती थांबली. १९१२ मध्ये गिरमिटाची पद्धतच सर्वत्र बंद करण्याचा ठराव त्यांनी मांडला. तो मात्र फेटाळला गेला.

त्यांना सर्वांत जिव्हाळ्याचा होता तो प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न. १९१० मध्ये त्यांनी ठराव मांडला आणि सरकारी आश्वासनावर मागे घेतला. १६ मार्च १९११ रोजी विधेयक आणले. त्याची भाषा आज भित्री वाटण्याइतकी सावध आहे. सक्ती करावयाची ती स्थानिक संस्थांनी, तीही ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत असतील तेथेच. वय सहा ते दहा. दरमहा दहा रुपयांपर्यंत मिळकत असणाऱ्या पालकांना फी माफ. खर्चाचा एक तृतीयांश वाटा स्थानिक संस्थेचा, उरलेला सरकारचा. नकार देण्यास सबब उरू नये, अशा बेताने प्रत्येक कलम बेतलेले होते. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर केलेली सक्ती हे उदाहरण डोळ्यांपुढे होते. हिंदी संस्थानिकाला जे परवडते ते ब्रिटिश सरकारला का परवडू नये, हा प्रश्न त्यातून उघडच निघत होता. सर हारकोर्ट बटलर यांनी सरकारच्या वतीने विरोध केला. काही हिंदी सभासदांनीही तो केला, आणि तो गोखल्यांना अधिक लागला असावा. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. हरणार हे त्यांना ठाऊक होते. विधेयक पुन्हापुन्हा येत राहील, हेही ते सांगून चुकले होते.

हे सारे कार्य इंग्रजीत झाले, आणि मराठी वाङ्मयेतिहासात गोखल्यांना जागा नसण्याचे ते प्रमुख कारण आहे. आगरकर-टिळकांचा निबंध मराठीत घडला; गोखल्यांची युक्तिवादाची रीत मराठी वाचकापर्यंत वृत्तपत्रांतील सारांशांतून पोहोचली, आणि सारांशात पहिला बळी जातो तो आकड्यांचा. उरते ती केवळ सौम्य भाषा. 'मवाळ' हे विशेषण चिकटण्यास या वाङ्मयीन अपघाताचाही हातभार लागला असावा, असे मला वाटते.

दक्षिण आफ्रिकेचा १९१२ चा दौरा, सरकारी नोकऱ्यांविषयीच्या कमिशनचे काम आणि मधुमेह यांनी प्रकृती ढासळत गेली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. स्मशानात टिळक बोलले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. नव्या सुधारणांनुसार १९२१ मध्ये इलाख्यात शिक्षण खाते मंत्र्याकडे आले. ते पहिले शिक्षणमंत्री रँग्लर र. पु. परांजपे हे फर्ग्युसन महाविद्यालयात गोखल्यांच्याच परंपरेत वाढलेले होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला, आणि शाळांविषयीचे प्रश्न आता कायदेमंडळात त्यांना विचारले जाऊ लागले.