थॉमस ब्यूइक : चित्र आणि ग्रंथकर्तृत्व

अठराव्या शतकातील इंग्रजी ग्रंथव्यवहाराचा विचार करताना वाङ्मयेतिहासकाराचे लक्ष साहजिकच लेखकाकडे व प्रकाशकाकडे जाते. चित्रांचे ठसे कोरणारा कारागीर बहुधा तळटीपेतच राहतो. ज्या ग्रंथाची कीर्ती मुख्यतः त्यातील चित्रांमुळे झाली, त्याचा कर्ता कोणाला म्हणावे? थॉमस ब्यूइक (१७५३-१८२८) या काष्ठखोदकाराच्या आयुष्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही; त्यापायी वीस वर्षांची भागीदारी मोडली. त्या दृष्टीने त्याच्या चरित्राची मांडणी येथे केली आहे.

ब्यूइकचा जन्म नॉर्थंबरलंड परगण्यात, टाईन नदीच्या खोऱ्यातील चेरीबर्न येथे झाला. वडील खंडाने शेती करीत आणि एक लहानशी कोळशाची खाणही चालवीत. शाळेत मुलाचे मन रमत नसे. वह्यांचे समास भरले की तो थडग्यांच्या दगडांवर आणि चर्चच्या फरशीवर खडूने चित्रे काढी. १७६७ साली, चौदाव्या वर्षी, न्यूकॅसल येथील राल्फ बीलबी या खोदकाराकडे तो सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिला. बीलबीच्या कारखान्यात चांदीची भांडी, मोहरा, पाट्या असे सर्व प्रकारचे कोरीव काम होई. लाकडावरील काम मालकाला रुचत नसे, म्हणून ते या उमेदवाराच्या वाट्याला आले. चार्ल्स हटनच्या क्षेत्रमापनविषयक ग्रंथातील आकृत्या हे त्याचे आरंभीचे काम होय. पुढे लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याच्या काष्ठचित्रांना सात गिनींचे पारितोषिक दिले. ती रक्कम त्याने आईच्या हाती ठेवली. १७७६ मध्ये तो लंडनला गेला. परंतु ते शहर त्याला मानवले नाही. पुढच्याच वर्षी परत येऊन तो बीलबीचा भागीदार झाला.

ब्यूइकच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी तत्कालीन मुद्रणपद्धती ध्यानात घेणे आवश्यक आहे. दर्जेदार चित्रे त्या काळी तांब्याच्या पत्र्यावर कोरली जात. त्यात शाई खोदलेल्या रेषांत भरलेली असल्याने चित्र वेगळ्या यंत्रावर छापावे लागे, आणि खर्च वाढे. लाकडी ठशात शाई उंच भागाला लागते, त्यामुळे तो खिळ्यांबरोबर एकाच चौकटीत बसवून मजकुरासह छापता येतो. मात्र फळीवर सुरीने कोरलेले ठसे ओबडधोबड असत; स्वस्त पोवाडेवजा पत्रकांपुरतीच त्यांची प्रतिष्ठा होती. ब्यूइकने बॉक्स वृक्षाच्या कठीण लाकडाचा आडवा छेद घेतला आणि त्यावर धातुखोदकाराची कोरणी चालविली. ही युक्ती सर्वस्वी त्याची नव्हे, परंतु तिचे सामर्थ्य सिद्ध केले ते त्याने. कोरलेली रेषा कागदावर पांढरी उमटते हे ओळखून त्याने काळ्यातून उजेड काढावा तसे चित्र घडविले. दूरचे दृश्य फिकट उमटावे म्हणून ठशाचा तेवढा भाग तो किंचित तासून खाली घेई.

या तंत्राचे पहिले मोठे फळ म्हणजे १७९० मधील ‘चतुष्पाद प्राण्यांचा सामान्य इतिहास’. त्यासाठी उंटाचा ठसा कोरण्यास त्याने ज्या दिवशी, १५ नोव्हेंबर १७८५ रोजी, आरंभ केला त्याच दिवशी त्याचे वडील वारले. ग्रंथातील न पाहिलेले परदेशी प्राणी त्याला इतरांच्या चित्रांवरून घ्यावे लागले, आणि ते तसे जाणवतातही. परिचयाच्या जनावरांत मात्र जिवंतपणा आहे. मजकूर प्रामुख्याने वाचनप्रिय बीलबीने लिहिला होता. पुढे ‘ब्रिटिश पक्ष्यांचा इतिहास’ या ग्रंथाचा भूचर पक्ष्यांविषयीचा पहिला खंड १७९७ मध्ये सिद्ध होत असता कर्ता म्हणून आपले नाव छापावे अशी बीलबीची इच्छा दिसून आली. ब्यूइकने हरकत घेतली. मित्रांच्या मध्यस्थीनंतर शीर्षकपृष्ठावर लेखकाचे नाव आलेच नाही; आकृती ब्यूइकने लाकडावर कोरल्या एवढीच नोंद राहिली. लवकरच भागीदारी संपुष्टात आली. या वादाची हकीकत आपल्याला मुख्यतः ब्यूइकच्याच आत्मवृत्तातून कळते, हे विसरता कामा नये. ज्याने मजकूर लिहिला त्याची नावाची अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. जलचर पक्ष्यांच्या दुसऱ्या खंडाचा (१८०४) मजकूर मग ब्यूइकने स्नेह्यांच्या साहाय्याने स्वतःच सिद्ध केला.

तथापि ब्यूइकच्या कर्तृत्वाचा खरा पुरावा या वादाबाहेर, प्रकरणांच्या अखेरीस मोकळ्या राहिलेल्या जागेत सापडतो. तेथे त्याने बसविलेली चिमुकली समाप्तिचित्रे पक्ष्यांच्या वर्णनाशी संबंध ठेवीत नाहीत. गाईचे शेपूट धरून नदी ओलांडणारा माणूस, पडक्या झोपडीशी बर्फात केरसुणी चघळणारी मेंढी, हाड चावणारा म्हातारा सैनिक, क्षितिजावरचा फाशीचा खांब : काही इंचांच्या चौकटीत एक संपूर्ण कथा उभी राहते. सामाईक गायराने कुंपणात घेतली गेल्याने गरिबांचा आधार तुटला, हे त्याचे दुःख होते. युद्धाचाही त्याला तिटकारा होता. ती मते या चित्रांमागे उभी आहेत. मजकुराची सोबत करण्यासाठी नेमलेल्या चित्रकाराने तेथे स्वतःचा मजकूर लिहिला, असेच म्हणावे लागते.

१८१८ मध्ये त्याच्या इसापनीतीच्या प्रतींबरोबर दिलेल्या पावतीवर त्याने स्वतःच्या अंगठ्याचा ठसा कोरून छापला. कर्तृत्वाचा याहून स्पष्ट दावा कोणता? १८२२ पासून त्याने आत्मवृत्त लिहिण्यास घेतले. ते मुलगी जेन हिने १८६२ मध्ये प्रसिद्ध केले. ८ नोव्हेंबर १८२८ रोजी गेट्सहेड येथे त्याचे निधन झाले. मृत्यूची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या घोड्याचे मोठे काष्ठचित्र त्या वेळी अपुरेच होते. ज्या ओव्हिंगहॅमच्या चर्चमध्ये तो लहानपणी खडूने रेघोट्या ओढी, तेथेच त्याला पुरण्यात आले.

त्याच्या शिष्यांनी ही विद्या लंडनला नेली, आणि एकोणिसाव्या शतकातील सचित्र ग्रंथ व नियतकालिके बव्हंशी तिच्यावरच उभी राहिली. त्या कागदांवर खोदकारांची नावे क्वचितच ठळक दिसतात. केवळ शब्दकर्त्यांची गणती करणारा वाङ्मयेतिहास म्हणूनच अपुरा ठरतो. ग्रंथ वाचताना वाचकाचा डोळा जेथे थबकला, तेथे कोणाचा हात चालला होता हेही त्याने नोंदविले पाहिजे.