एक खंजेरी घेऊन गावोगावच्या रात्री जागवणारे तुकडोजी महाराज इंग्रजांना का खुपले?

मुंबई-पुण्यात हल्ली एक मस्त प्रकार चालतो. एकाच रात्री शहरातल्या चार-पाच छोट्या जागांवर वेगवेगळे बँड वाजवतात. कुठं कॅफे, कुठं बार, कुठं नुसती गच्ची. म्युझिक कंपनीचा करार नाही, सिनेमातली गाणी नाहीत. स्वतः लिहायचं, स्वतः गायचं. ऐकणारे एका ठिकाणी दोन गाणी ऐकतात आणि चालत पुढच्या ठिकाणी जातात. याला म्हणतात इंडी.

आता या पोंभुर्ण्याला. चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, भोवती धानाची शेतं आणि जंगल. इथं कॅफे नाहीत, पण म्हणून रात्री सुन्या जातात असं समजू नका. दिवाळी झाली, धान घरात आलं की या पट्ट्यात एका गावात झाडीपट्टीचं नाटक रंगतं, त्यातलं संगीत स्टेजसमोर बसून लाइव्ह वाजवलं जातं. दुसऱ्या गावात खंजेरी भजनाची स्पर्धा लागते. गावोगावची मंडळं येतात, आपापला नंबर लागेपर्यंत मंडपात कुडकुडत बसतात आणि गाणं पहाटेपर्यंत चालतं.

यातलं हे खंजेरीचं सर्किट ज्यांच्यामुळं उभं राहिलं, त्या तुकडोजी महाराजांची ही गोष्ट.

एप्रिल १९०९. अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावात बंडोजी आणि मंजुळाबाई यांच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं माणिक. वडील शिंपीकाम करायचे आणि घरात गरिबी एवढी की मुलाची शाळा तिसरीच्या आसपास सुटली. वरखेडला आडकोजी महाराजांचा सहवास मिळाला आणि तिथंच माणिकचा तुकड्या झाला. पुढं आयुष्यभर भजनाच्या शेवटी त्यांनी हेच नाव घातलं. पदवी नाही, उपाधी नाही, नुसतं तुकड्या.

विशीच्या आतच त्यांनी घर सोडलं. रामटेक, सालबर्डी आणि मग चिमूर भागातलं रामदिघी, गोंदेडा. म्हणजे आजच्या ताडोबाच्या आजूबाजूचं जंगल. लोक आज तिथं वाघ बघायला जातात, हा पोरगा तिथं एकांतात राहायला गेला होता. जंगलातून बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात खंजेरी होती.

खंजेरी म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. लाकडी गोल कडं, एका बाजूला चामडं ताणलेलं, कड्याच्या खाचांत छोट्या झांजा. डाव्या हातात धरायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. ती झोळीत मावते आणि वाजवायला माणूस एकटा पुरतो. तबला-पेटीचा संच बैलगाडीतून न्यावा लागतो, खंजेरीवाला पायी चालत पुढच्या गावी पोचतो. ज्या भागात पावसाळ्यात रस्ताच उरायचा नाही, तिथं हा फरक छोटा नव्हता.

भजनांची रचनाही तशीच सुटसुटीत. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. मराठीत गायचं तसंच हिंदीतही गायचं. शब्द असे की अक्षरओळख नसलेल्या माणसालाही दोन वेळा ऐकून पाठ व्हावेत. विषय देवाचा असायचाच, पण त्यासोबत दारू, अस्पृश्यता, कर्ज, गावातली घाण असं सगळं त्यात यायचं. देवळाच्या पारावर बसून देवळाबाहेरच्या गोष्टी गायल्या जात होत्या.

गाणारे गावोगाव पुष्कळ फिरतात, पण गाणारा पुढं गेला की गाव पुन्हा गप्प होतं. तुकडोजींच्या मागं मंडळ उरायचं. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा खेडोपाडी निघाल्या. संध्याकाळी एकत्र बसून सामुदायिक प्रार्थना, मग भजन, सकाळी गावाची सफाई. गायला महाराज हवेत अशी अट नव्हती. गावातला शेतकरी, मजूर, जो कोणी ताल धरू शकतो तो गायक. १९३५ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि या सगळ्याला एक ठिकाण मिळालं. पुढच्याच वर्षी गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतलं आणि ते तिथं महिनाभर राहिले.

मग आला ऑगस्ट १९४२.

मुंबईत चले जावची घोषणा झाली, मोठे नेते एका रात्रीत तुरुंगात गेले. दिल्लीपासून गल्लीपर्यंत पुढं काय करायचं हे सांगायला कोणी उरलं नाही. पण चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीकडं आधीपासून एक जाळं होतं. रोज संध्याकाळी एकत्र बसणारी, एकाच आवाजात गाणारी माणसं. त्यांच्या तोंडी तुकडोजींची गाणी होती आणि त्या दिवसांत ती गाणी बरीच तापलेली होती.

१६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरमध्ये मिरवणूक निघाली. गोळीबार झाला आणि बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मारला गेला. लोक भडकले. त्या दिवशी चिमुरात चार सरकारी माणसं ठार झाली. मग लष्कर आलं आणि त्यानंतर गावातल्या बायकांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी दोन महिन्यांहून जास्त काळ उपोषण केलं. अनेकांना फाशी सुनावली गेली. पुढं मोठी चळवळ झाली, तेव्हा बऱ्याच जणांचे प्राण वाचले.

ऑगस्ट संपता संपता तुकडोजींना चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, अटक झाली. आधी नागपूर, मग रायपूरचा तुरुंग. डिसेंबरमध्ये सुटका.

चिमूरच्या रक्तपाताचं ओझं भजनावर टाकावं का? हा प्रश्न सरळ नाही. गाण्यानं माणसं निर्भय झाली हे खरं, आणि निर्भय झालेला जमाव त्या दिवशी कुठवर गेला हेही खरं. एवढं नक्की की सरकारनं खंजेरीला भजनापुरतं मानलं नाही. ज्या गावांत पेपर पोचत नव्हता तिथं गाणं पोचत होतं, हे त्यांना उशिरा कळलं.

पुढचं आयुष्य बऱ्याच जणांना शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. ते विनोबांच्या भूदानात फिरले. १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले, तिथंही खंजेरी सोबत होती. ग्रामगीता लिहिली, ४१ अध्यायांची. ती काढून बघा. देवाच्या गप्पांपेक्षा गावचा कारभार, रस्ते, बायकांची स्थिती आणि मतदान यांवर भर दिसेल. चीन आणि पाकिस्तानच्या युद्धांच्या काळात सीमेवर जाऊन त्यांनी जवानांसमोर भजनं म्हटली.

शेवटी कॅन्सरनं गाठलं. ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीत त्यांचं निधन झालं. वय ५९. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. तिसरीत शाळा सुटलेल्या माणसाच्या नावानं आता पदव्या वाटल्या जातात.

मोझरीत दरवर्षी पुण्यतिथीला प्रचंड गर्दी जमते. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांच्या निधनाच्या वेळेला, सगळे जागच्या जागी उभे राहून मौन पाळतात. मग दिवाळी होते, धान कापलं जातं, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या एखाद्या गावात मंडप पडतो. पहिल्या मंडळाचा नंबर पुकारला जातो. समोरच्या शेकोटीवर कोणीतरी खंजेरीचं चामडं शेकत बसलेलं असतं, कारण थंडीत ते सैल पडतं आणि आवाज बसतो.