डॉक्टर मेरी वर्गीज यांचें चरित्र

झाडावरून किंवा विहिरींत पडून ज्याचा पाठीचा कणा मोडला त्याचें आयुष्य संपलें, असें आपल्या खेडोपाडीं समजलें जातें. घरचीं माणसें त्यास खाटेवर निजवितात, दोन घास भरवितात आणि शेवटाची वाट पाहतात. तीं निर्दय असतात म्हणून नव्हे, तर याहून अधिक कांहीं करितां येतें हें त्यांस कोणी सांगितलेलें नसतें. ही समजूत खोटी आहे, हें ज्यांनीं स्वतःच्या देहानें दाखवून दिलें, त्या डॉक्टर मेरी वर्गीज यांचा वृत्तांत आम्ही आज वाचकांस सादर करितों.

मेरीबाईंचा जन्म इ. स. १९२५ मध्यें कोचीन येथें एका सुखवस्तु ख्रिस्ती कुटुंबांत झाला. डॉक्टर आयडा स्कडर यांनीं १९१८ सालीं स्त्रियांकरितां काढिलेल्या वेल्लोर येथील वैद्यकीय विद्यालयांत त्या शिकल्या, व तेथेंच रोग्यांची सेवा करूं लागल्या. १९५४ च्या जानेवारी महिन्याच्या ३० व्या तारखेस सोबतच्या डॉक्टरांबरोबर त्या सहलीस निघाल्या असतां मोटारीस अपघात झाला. त्यांच्या मुखावर जखमा झाल्या, आणि पाठीस असा मार बसला कीं कमरेखालचें अंग कायमचें लुळें पडलें. तेव्हां त्यांचें वय अवघें २८ वर्षांचें होतें.

कण्याच्या आंतील मज्जारज्जु मेंदूचा हुकूम पायांस पोंचवितो व पायांची वेदना मेंदूस कळवितो. तो तुटला म्हणजे पुनः सांधला जात नाहीं. स्वतः डॉक्टर असल्यामुळें मेरीबाईंस हें ठाऊक होतें. म्हणूनच त्यांचें दुःख अधिक होतें. अशा वेळीं वेल्लोरचे शस्त्रवैद्य डॉक्टर पॉल ब्रँड यांनीं त्यांस मार्ग दाखविला. कुष्ठरोगानें ज्यांचीं बोटें वाकडीं झालीं, अशांच्या हातांवर ते शस्त्रक्रिया करीत. निकामी स्नायूच्या जागीं चांगल्या स्नायूची दोरी वळवून जोडावयाची, आणि मग रोग्यास तो हात नव्यानें वापरावयास शिकवावयाचें, अशी ती रीत होती. हें काम बसूनही करितां येतें. मेरीबाईंचे पाय गेले होते, पण हात शाबूत होते. चाकांच्या खुर्चींत बसून त्यांनीं त्या रोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या.

पुढें ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं जाऊन, दररोजचीं कामें दुसऱ्याच्या मदतीवांचून कशीं करावीं हें त्या शिकल्या. त्यानंतर अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें डॉक्टर हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेंत त्यांनीं शिक्षण घेतलें. रस्क यांनीं दुसऱ्या महायुद्धांत विमानदळाच्या जखमी शिपायांवर काम केलें होतें. जखम भरली म्हणजे वैद्याचें कर्तव्य संपत नाहीं, तर रोगी पुनः आपल्या घरांत व धंद्यांत उभा राहीपर्यंत तें चालूच असतें, हें त्यांच्या शिकवणीचें सार होय. यास पुनर्वसनाचें वैद्यक म्हणतात.

ही विद्या घेऊन मेरीबाई १९६२ सालीं स्वदेशीं परतल्या, व १९६३ सालीं वेल्लोर येथील त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. १९६६ सालीं तेथें रोग्यांनीं राहून शिकावें अशी पुनर्वसनसंस्था उघडण्यांत आली. लुळ्या अंगास वेदना कळत नाहीं, म्हणून एका कुशीवर पडून राहिल्यानें कातडी सडते, आणि त्या जखमांनीं व मूत्राशयाच्या विकारानें अशीं माणसें दगावतात. तेव्हां दर दोन तासांनीं कूस बदलणें, रोज आरशांत पाहून कातडी तपासणें, लघवीची व्यवस्था ठेवणें, हे पहिले धडे. मग बाहूंस बळ आणून खाटेवरून खुर्चींत सरकणें. ज्यास शक्य त्यानें पायांस पट्टे बांधून कुबड्यांवर चालणें. आणि शेवटीं पोटापुरता एखादा धंदा. रोग्याच्या नातलगासही हें सर्व शिकविणें अवश्य असतें, कारण घरीं गेल्यावर त्यालाच तें करावें लागतें. आतां उपयोग काय, असें ज्यास वाटे, त्याच्या खाटेपाशीं डॉक्टर स्वतःच चाकांच्या खुर्चींत बसून येत. त्याहून मोठें उत्तर कोणतें द्यावयाचें?

१९७२ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री ही पदवी दिली. १९८६ सालीं त्या निवर्तल्या. त्यांचे पाय त्यांस शेवटपर्यंत परत मिळाले नाहींत. परंतु त्या आयुष्यांतून उठल्या असें कोण म्हणेल?

घरोघरीं भेटीस जाणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस व बायबल-बायांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, कोठें असा कोणी पडून असल्यास केवळ सांत्वन करून परतूं नये. त्याची कूस बदलावयास घरच्यांस शिकवावें, कातडी पाहावी, आणि विलंब न करितां त्यास ही विद्या जाणणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवावें. वेल्लोर दूर वाटल्यास मुंबईस हाजी अली येथें सरकारची अशीच संस्था १९५५ सालापासून आहे. गेलेलें मोजीत बसण्यापेक्षां, राहिलें तें कोणत्या कामीं लावितां येईल हें त्या मनुष्यास विचारावें. मेरीबाईंनीं आरंभ तेथूनच केला.