कुलूपवाला वकील आणि आमची जुनी गाडी

गोदरेज म्हटलं की सगळ्यांना घरातलं लोखंडी कपाट आठवतं. मला मात्र आमची जुनी गाडी आठवते! का, ते सांगतो.

अर्देशिर गोदरेज यांचा जन्म १८६८ सालचा. वकिली शिकले, झांझिबारला गेले. पण अशिलासाठी सत्याला मुरड घालायची वेळ आली तेव्हा साफ नकार देऊन मुंबईला परतले. मग मेरवानजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये घेऊन शस्त्रक्रियेची हत्यारं बनवली. माल चांगला होता, पण घेणाऱ्याला त्यावर भारतीय बनावटीचा शिक्का नको होता आणि यांना तो हवाच होता. धंदा बंद!

पुढे मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली आणि १८९७ मध्ये लालबागच्या एका छोट्याशा शेडमध्ये त्यांनी कुलपांचा कारखाना काढला. कुलपातल्या लिव्हरना स्प्रिंग असते. ती सैल पडली किंवा तुटली की कुलूप गेलंच. अर्देशिरांनी हा कच्चा दुवाच काढून टाकला. बिनस्प्रिंगच्या कुलपाचं पेटंट त्यांनी १९०९ मध्ये घेतलं. तिजोऱ्याही आल्या, साबणही आला. १९३६ मध्ये ते गेले.

आता आमची गाडी. वय पंचवीस. तिच्या दाराच्या कुलपात पातळ पितळी पट्ट्या आणि प्रत्येकीमागे बारीक स्प्रिंग. इतक्या वर्षांत पट्ट्या झिजल्या, स्प्रिंगा थकल्या. शेजारच्या काकांच्या गाडीची किल्ली आमच्या दाराला लागते, हे मी स्वतः करून बघितलंय! किल्लीत चिप नाही, त्यामुळे वायरी जोडल्या की इंजिन चालू. विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे गाडी गेली तर हातात छदाम नाही. आणि बाबांचा डब्यांचा धंदा तिच्यावरच चालतो.

म्हणून सुट्टीत मी अर्देशिरांचीच रीत वापरली. आधी कच्चे दुवे शोधले. दारांची आणि इग्निशनची कुलपं नवीन बसवली. इंधन पंपाच्या वायरमध्ये एक लपवलेलं बटण टाकलं. ते दाबल्याशिवाय पंप चालत नाही. वर गिअर लॉक. आता चोर काच फोडून आत आला, तरी गाडी सहज नेऊ शकणार नाही.

तेव्हा दोस्तांनो, महागडा अलार्म घ्यायच्या आधी आपल्या गाडीत चोर पहिला हात कुठे घालेल ते बघा. ती जागा आपल्याला त्याच्या आधी सापडली, की निम्मं काम झालं!