विश्लेषण : रशियानेच ‘नाटो’चे सदस्यत्व मागितले होते? काय होता मोलोटोव्ह यांचा १९५४ चा प्रस्ताव?

‘नाटो’चा पूर्वेकडे होणारा विस्तार ही मॉस्कोची गेल्या तीन दशकांतील सर्वात मोठी तक्रार. युक्रेन युद्धाच्या चर्चेत ती रोज ऐकू येते. पण याच ‘नाटो’त आम्हालाही घ्या, असे लेखी पत्र मॉस्कोनेच एकदा पाठवले होते. तारीख होती ३१ मार्च १९५४. हे पत्र तयार करवून घेणारे सोव्हिएत परराष्ट्रमंत्री होते व्याचेस्लाव मोलोटोव्ह. आज त्यांचे नाव बहुतेकांना ठाऊक असते ते पेटत्या बाटलीमुळे!

कोण होते मोलोटोव्ह?

जन्म ९ मार्च १८९० चा, रशियातील व्यात्का प्रांतातल्या कुकारका गावी. मूळ आडनाव स्क्रियाबिन. ‘मोलोट’ म्हणजे हातोडा; त्यावरून त्यांनी भूमिगत चळवळीत मोलोटोव्ह हे नाव घेतले. १९०६ मध्ये बोल्शेविकांत सामील झालेला हा तरुण पुढे स्टालिन यांचा सर्वात विश्वासू सहकारी बनला आणि १९३० मध्ये सोव्हिएत सरकारचा प्रमुख झाला. शेतीचे सक्तीचे सामूहिकीकरण, १९३२-३३ चा भीषण दुष्काळ आणि नंतरचे शिरकाण या साऱ्यात त्यांचा थेट वाटा होता. मृत्युदंडाच्या शेकडो याद्यांवर त्यांची सही आहे. १९४० मध्ये सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घालण्याच्या निर्णयावरही आहे. त्यांच्या मुत्सद्देगिरीची गोष्ट वाचताना ही बाजू विसरून चालत नाही.

मे १९३९ मध्ये परराष्ट्र खाते त्यांच्याकडे आले आणि २३ ऑगस्टला त्यांनी क्रेमलिनमध्ये हिटलरचे परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप यांच्याबरोबर अनाक्रमणाचा करार केला. त्याच्या गुप्त परिशिष्टात पूर्व युरोपची वाटणी होती. वाटणीत सोव्हिएत बाजूला आलेल्या फिनलंडवर नोव्हेंबरअखेर हल्ला झाला. सोव्हिएत विमाने बॉम्ब नव्हे, अन्न टाकत आहेत, असा मोलोटोव्ह यांचा दावा होता म्हणतात. फिनिश सैनिकांनी मग त्या बॉम्बना मोलोटोव्ह यांची पावाची टोपली म्हणायला सुरुवात केली आणि रणगाड्यांवर फेकायच्या पेटत्या बाटलीला मोलोटोव्ह कॉकटेल! जेवणाबरोबर पेयही हवेच ना.

पाश्चात्त्यांशी मैत्री कशी झाली?

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. ती बातमी देशाला रेडिओवरून स्टालिन यांनी नव्हे, मोलोटोव्ह यांनी दिली. पुढच्या मे महिन्यात ते बॉम्बफेकी विमानात बसून, जर्मनांच्या ताब्यातील प्रदेशावरून उडत ब्रिटनला पोहोचले. २६ मे १९४२ रोजी लंडनमध्ये ब्रिटनशी २० वर्षांचा मैत्री करार झाला. तिथून ते वॉशिंग्टनला गेले आणि टोपणनावाने व्हाइट हाऊसमध्ये राहिले. त्यांची बॅग उघडणाऱ्या नोकराला आत पाव, सॉसेज आणि पिस्तूल सापडले. यजमानांवर विश्वास किती होता, हे त्या बॅगेवरून कळते.

युद्ध संपले आणि अविश्वास उघडा पडला. तासन्‌तास खुर्ची न सोडता नकार देत राहणारा माणूस अशीच त्यांची ख्याती झाली. १९४७ च्या उन्हाळ्यात मार्शल योजनेच्या चर्चेसाठी ते पॅरिसला गेले, पण अमेरिकी मदतीच्या आडून युरोपात आपल्याविरुद्ध गट बांधला जात असल्याचे मत बनवून २ जुलैला उठून निघाले. पूर्व युरोपातील देशांनाही मॉस्कोने मदत घेऊ दिली नाही.

‘नाटो’ स्थापन झाली तेव्हा ते कुठे होते?

अडचणीत, आणि तेही घरच्याच. त्यांची पत्नी पोलिना झेमचुझिना ज्यू होत्या, स्वतः मंत्रिपदापर्यंत पोहोचलेल्या होत्या. स्टालिन यांचा संशय त्यांच्यावर वळला. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांना पक्षातून काढण्याचा ठराव आला तेव्हा मोलोटोव्ह तटस्थ राहिले. मात्र काही आठवड्यांतच ही आपली चूक झाल्याचे त्यांनी स्टालिन यांना लिहून दिले. पत्नीला अटक झाली, तिची रवानगी कझाकस्तानात झाली. तरीही मार्च १९४९ मध्ये मोलोटोव्ह यांचे परराष्ट्र खाते गेलेच. पुढच्याच महिन्यात, ४ एप्रिलला, वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी ‘नाटो’ करारावर सह्या केल्या.

५ मार्च १९५३ रोजी स्टालिन यांचा मृत्यू झाला. अंत्यसंस्कार ९ मार्चला, म्हणजे नेमके मोलोटोव्ह यांच्या ६३ व्या वाढदिवशी झाले. काही दिवसांतच पोलिना घरी परतल्या. परराष्ट्र खातेही परत आले होते.

१९५४ चा प्रस्ताव काय होता?

तेव्हा खरा प्रश्न ‘नाटो’पेक्षा जर्मनीचा होता. पश्चिम जर्मनीला पुन्हा शस्त्रसज्ज करून युरोपीय सैन्यात घ्यायचे, अशी पाश्चात्त्यांची योजना होती. युद्धात सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावलेल्या सोव्हिएत संघात ही भीती केवळ प्रचारापुरती नव्हती. जानेवारी-फेब्रुवारी १९५४ मधील बर्लिन परिषदेत मोलोटोव्ह यांनी उपाय म्हणून संपूर्ण युरोपचा सामूहिक सुरक्षा करार मांडला. त्यात अमेरिकेला जागा होती ती फक्त निरीक्षकाची! अमेरिकेचे डलेस आणि ब्रिटनचे ईडन हे मान्य करणे शक्यच नव्हते.

मॉस्कोत परतल्यावर आक्षेपांचा विचार झाला. परराष्ट्र खात्यातील ग्रोमिको आदींनी मसुदे केले आणि मोलोटोव्ह यांनी ते मालेन्कोव्ह व ख्रुश्चेव्ह यांच्यापुढे ठेवले. नव्या प्रस्तावात दोन बदल होते. अमेरिकेने सुरक्षा करारात पूर्ण सदस्य म्हणून यावे आणि ‘नाटो’त सोव्हिएत संघाच्या प्रवेशाचा विचार व्हावा.

प्रस्ताव खरा होता की डाव?

दोन्ही. नंतर खुल्या झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांनुसार, नकार येण्याची शक्यताच अधिक, हे मोलोटोव्ह यांनी सहकाऱ्यांना आधीच सांगितले होते. नकार आला तर ‘नाटो’ हा बचावाचा नव्हे, आपल्याविरुद्धचा गट आहे, हे जगाला दाखवता येईल आणि होकार आला तर ‘नाटो’चे स्वरूपच बदलेल, असा हिशेब होता. पण यावरून सारे नाटकच होते असे म्हणणे घाईचे ठरेल. जर्मनी शस्त्रसज्ज होऊ नये, यासाठी मॉस्को बरीच किंमत द्यायला तयार होते.

पाश्चात्त्यांच्या बाजूनेही पाहा. ‘नाटो’त निर्णय सर्वसंमतीने होतात. जिच्या भीतीने संघटना उभारली तिलाच आत घ्यायचे, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. शिवाय मागणाऱ्याची पाटी कोरी नव्हती. १९३९ च्या करारावर याच गृहस्थांची सही होती. ७ मे १९५४ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सने प्रस्ताव फेटाळला. मात्र प्रस्ताव तपासून पाहण्यापुरतीही बोलणी झाली नाहीत, ही चूकच म्हणावी लागेल.

नकारानंतर काय झाले?

युरोपीय सैन्याची योजना ऑगस्टमध्ये फ्रान्सच्याच संसदेत बारगळली. मग पश्चिम जर्मनीला थेट ‘नाटो’त घेण्याचे ठरले आणि मे १९५५ मध्ये तो पंधरावा सदस्य झाला. नकाराला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, ७ मे रोजी, मॉस्कोने १९४२ चा ब्रिटनबरोबरचा मैत्री करार रद्द केला. १४ मे रोजी वॉर्सा करार झाला. आणि दुसऱ्याच दिवशी मोलोटोव्ह व्हिएन्नात डलेस यांच्यासोबत ऑस्ट्रिया करारावर सही करत होते! चार सत्तांचे सैन्य ऑस्ट्रियातून निघाले, ऑस्ट्रियाने तटस्थता स्वीकारली. तो देश आजही ‘नाटो’त नाही. गंमत अशी, की ऑस्ट्रिया सोडण्यात मोलोटोव्ह यांनी खोडा घातला, असा आरोप ख्रुश्चेव्ह यांनी दोनच महिन्यांनी पक्षाच्या बैठकीत केला.

शेवट कसा झाला?

जून १९५६ मध्ये मंत्रिपद गेले. १९५७ मध्ये ख्रुश्चेव्ह यांना हटवण्याचा डाव फसला आणि त्यांची बदली झाली मंगोलियात राजदूत म्हणून. पुढे व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत प्रतिनिधी, नंतर पक्षातून हकालपट्टी. पत्नीला वनवासात धाडणाऱ्या स्टालिन यांचे समर्थन त्यांनी कधी सोडले नाही, आणि पोलिना यांनीही नाही. १९८४ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, पक्षाचे सदस्यत्व परत मिळाले.

८ नोव्हेंबर १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. एका महिन्यापूर्वीच रेक्याविकमध्ये रेगन-गोर्बाचेव्ह भेट झाली होती. सोव्हिएत संघाच्या राष्ट्रप्रमुखपदी तेव्हा होते १९५४ च्या पत्राचा मसुदा करणारे ग्रोमिको. गुप्त परिशिष्ट अस्तित्वातच नव्हते, असे मोलोटोव्ह अखेरपर्यंत सांगत राहिले. ते होते, हे मॉस्कोने डिसेंबर १९८९ मध्ये मान्य केले. आणि कॉकटेलला त्यांचे नाव देणारा फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी ‘नाटो’चा सदस्य झाला.