जे. रॉबर्ट ओपेनहायमर

ज्युलियस रॉबर्ट ओपेनहायमर (२२ एप्रिल, इ.स. १९०४ - १८ फेब्रुवारी, इ.स. १९६७) हे अमेरिकन सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. अणुबाँब तयार करणाऱ्या लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेचे संचालक म्हणून ते जगाला परिचित आहेत. ताऱ्यांच्या गुरुत्वीय अवपाताविषयीचे त्यांचे संशोधन मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिले.

जीवन

ओपेनहायमर यांचा जन्म न्यूयॉर्क येथे झाला. हार्वर्ड विद्यापीठातून इ.स. १९२५ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची पदवी मिळवली. पुढे जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे माक्स बोर्न यांच्या मार्गदर्शनाखाली इ.स. १९२७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. इ.स. १९२९ पासून ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन करू लागले. तेथेच आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकून त्यांनी भगवद्गीता मुळातून वाचली.

गुरुत्वीय अवपातावरील संशोधन

इंधन संपलेल्या ताऱ्याचा अंतर्गत दाब अपुरा पडला, की तो स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसू लागतो. हा संकोच कोठे थांबतो, हा प्रश्न ओपेनहायमर यांनी हाती घेतला. इ.स. १९३९ मध्ये जॉर्ज व्होल्कॉफ यांच्यासह त्यांनी सापेक्षतेची समीकरणे आकडेमोडीने सोडवली आणि न्यूट्रॉन ताऱ्याच्या वस्तुमानाला कमाल मर्यादा असते, असे दाखवले. त्यांना मिळालेली मर्यादा सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे ०.७ पट होती. आजचा अंदाज त्याहून बराच अधिक, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त आहे.

त्याच वर्षी हार्टलँड स्नायडर यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी या मर्यादेपलीकडील ताऱ्याचा विचार केला. गणित सुटावे म्हणून तारा पूर्णतः गोल, न फिरणारा, एकसमान घनतेचा आणि दाबरहित मानला होता. दूरच्या निरीक्षकाला असा तारा एका विशिष्ट त्रिज्येपाशी गोठल्यासारखा दिसतो. ताऱ्याबरोबर आत जाणाऱ्याच्या घड्याळाने मात्र अवपात सुमारे एका दिवसात पूर्ण होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा निबंध १ सप्टेंबर, इ.स. १९३९ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. त्यानंतर ओपेनहायमर या विषयाकडे परतले नाहीत.

आक्षेप आणि संगणकीय पडताळणी

दाब वगळल्यामुळे हा निष्कर्ष खऱ्या ताऱ्यांना लागू पडेल का, अशी शंका जॉन व्हीलर यांच्यासह अनेकांना होती. दाबासह ही समीकरणे हाताने सोडवणे अशक्यप्राय होते. लिव्हरमोर प्रयोगशाळेतील मायकेल मे आणि रिचर्ड व्हाइट यांनी ती संगणकावर सोडवून इ.स. १९६६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तारा पुरेसा जड असेल, तर दाब असूनही अवपात थांबत नाही, असे त्यातून दिसले.

ही प्रयोगशाळा अण्वस्त्रांच्या आराखड्यांसाठी उभारलेली होती. तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारे एडवर्ड टेलर यांनी इ.स. १९५४ च्या चौकशीत ओपेनहायमर यांच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

उत्तरायुष्य

त्या चौकशीअंती ओपेनहायमर यांची शासकीय गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी रद्द झाली. इ.स. १९४७ ते १९६६ या काळात ते प्रिन्स्टन येथील प्रगत अध्ययन संस्थेचे संचालक होते. इ.स. १९६३ मध्ये त्यांना एन्रिको फर्मी पुरस्कार मिळाला. घशाच्या कर्करोगाने प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले. अशा अवपातातून निर्माण होणाऱ्या वस्तूंसाठी कृष्णविवर ही संज्ञा त्यांच्या निधनानंतर, व्हीलर यांच्यामुळे रूढ झाली. इ.स. १९५४ चा निर्णय अमेरिकी शासनाने डिसेंबर, इ.स. २०२२ मध्ये रद्दबातल ठरवला.