भाभांचा फुगा

2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात आभाळातून धातूचे एक भलेमोठे कडे पडले. रॉकेटचा अवशेष होता तो. इकडे अहेरीतही चार दिवस त्याचीच चर्चा. वर पाठवलेली वस्तू काय काय सोसत असेल, या विचाराने मला मात्र होमी भाभा आठवले.

अणुशक्तीचे भाभा सर्वांना ठाऊक आहेत. 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईतल्या एका सधन पारशी घरात ते जन्मले. घरच्यांनी इंजिनिअर व्हायला केंब्रिजला धाडले. ते रमले विश्वकिरणांत, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर अखंड बरसणाऱ्या सूक्ष्म कणांत. 1939 साली सुटीवर मायदेशी आले आणि महायुद्ध पेटल्याने परतीची वाट बंद झाली. बंगलोरला असताना त्यांनी कण मोजणारी यंत्रे विमानातून वर पाठवली. 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली.

पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे विषुववृत्ताच्या आसपास केवळ जोरकस कणच आत शिरू शकतात. त्यांच्या अभ्यासाला म्हणूनच आपले आभाळ सोयीचे. काचेवर चांदीच्या क्षाराचा आणि जिलेटिनचा जाड थर द्यायचा. कण त्यातून गेला की, थर धुतल्यावर त्याची रेघ दिसते. पण ही काच वीस-तीस किलोमीटर उंच न्यायची कशी? प्लास्टिकच्या प्रचंड फुग्याने.

इथेच खरी अडचण होती. सोळा-सतरा किलोमीटरवर आपल्याकडे युरोप-अमेरिकेपेक्षा थंडी अधिक, उणे 80 अंशांच्या आसपास. तिकडच्या हवेत टिकणारे पॉलिथिन इथे ठिसूळ होऊन फाटण्याची भीती. फुगा फाटला की त्याखाली टांगलेली महिनोन्महिन्यांची मेहनतही गेली! तेव्हा भाभांच्या संस्थेने फुगे स्वतःच बनवायला घेतले. या थंडीत तग धरेल असे प्लास्टिक निवडायचे, त्याचे पट्टे सांधायचे, एकेक सांधा तपासायचा. समीकरणांत रमणाऱ्या माणसाच्या संस्थेत असे कारागिराचे काम चाले.

मी आयुष्यभर बँकेत कर्जाची प्रकरणे तपासली. तारण कागदावर उत्तमच असते. दुष्काळ पडला तर ते टिकेल का, हा खरा प्रश्न. त्यामुळे भाभांचे मोठेपण मला या फुग्यात अधिक दिसते. परदेशी वस्तू आणणे त्यांना अवघड नव्हते. ती आपल्या आभाळात टिकेल असे मात्र त्यांनी गृहीत धरले नाही.

24 जानेवारी 1966 रोजी माँ ब्लां पर्वतावर झालेल्या विमान अपघातात ते गेले. वय अवघे 56. 1969 साली हैदराबादला फुग्यांचे कायमचे केंद्र झाले, ते पाहायला ते नव्हते. 2023 मध्ये झेपावलेल्या आदित्य-एल1 यानावरही कण मोजणारी उपकरणे आहेत. अशा उपकरणांचे पातळ पडदे, त्यांवरचे लेप आता उड्डाणाआधी निर्वात पेटीत आळीपाळीने तापवून आणि गारठवून पारखतात. वर गेल्यावर दुरुस्तीला कोण जाणार? जे काही तडकायचे ते जमिनीवरच तडकलेले बरे.